मुलाखत: तुरुंगातली आणि रेडिओवरची

मराठीत ‘मुलाखत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. एक मुलाखत रेडिओवर किंवा छापील पानावर होते. एकजण विचारतो, दुसरा बोलतो. दुसरी तुरुंगाच्या फाटकाशी होते. ‘आज मुलाखतीचा दिवस आहे’ असं एखादी बाई एसटीच्या रांगेत म्हणाली, तर तिचा मुलगा किंवा नवरा आत आहे हे शेजारणीला न विचारता कळतं. या दुसऱ्या मुलाखतीत मध्ये जाळी किंवा काच असते, वेळ मोजून दिलेला असतो, आजूबाजूला आणखी दहा कुटुंबं मोठमोठ्यानं बोलत असतात आणि निम्मं ऐकूच येत नाही. गेली काही वर्षं मी या दोन मुलाखती जिथे एकत्र येतात त्या जागेबद्दल वाचते आहे, ऐकते आहे. तुरुंग आणि रेडिओ यांच्या नात्याबद्दल.

अमुक कारागृहात रेडिओ केंद्र सुरू झालं, अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते. फोटोत अधिकारी असतात, कापलेली फीत असते, कानाला हेडफोन लावलेला एखादा बंदी असतो. वर मथळा: ‘बंदिवानांना मिळाला आवाज’. हा मथळा वाचला की माझ्या मनात दर वेळी एकच प्रश्न येतो. आवाज मिळाला, पण तो ऐकणार कोण? या प्रश्नाचं उत्तर जगात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं मिळालं आहे, आणि त्या उत्तरांतला फरक साधा नाही.

सुरुवात अमेरिकेतल्या एका लहानशा गावापासून करते. केंटकी राज्याच्या पूर्वेला, ॲपलाचिया डोंगररांगेत, व्हाइट्सबर्ग नावाचं गाव आहे. वस्ती दोनेक हजारांची. भोवती कोळशाच्या खाणी. १९६९ साली सरकारच्या गरिबी निर्मूलन मोहिमेतून इथल्या तरुणांना चित्रपट बनवायला शिकवणारी एक कार्यशाळा सुरू झाली. सरकारी पैसा आटला, पण कार्यशाळा टिकली आणि ‘ॲपलशॉप’ नावाची संस्था झाली. बाहेरचे लोक येऊन आमच्या गरिबीचे फोटो काढून जातात, आमची गोष्ट आम्हीच सांगू, असा तिचा बाणा. १९८५ साली तिनं डब्ल्यूएमएमटी हे सामुदायिक रेडिओ केंद्र काढलं. ८८.७ मेगाहर्ट्झवर गावातलेच स्वयंसेवक बसून डोंगरातलं बँजो-फिडलचं संगीत लावायचे, म्हाताऱ्या खाणकामगारांना बोलतं करायचे. आपल्याकडच्या कुठल्याही चांगल्या सामुदायिक केंद्रासारखंच.

मग खाणी कमी माणसांत चालू लागल्या आणि डोंगरात तुरुंग आले. राज्याची सीमा ओलांडली की व्हर्जिनियातला वाइज जिल्हा लागतो. तिथे १९९८ साली रेड अनियन आणि १९९९ साली वॉलन्स रिज असे दोन ‘सुपरमॅक्स’ तुरुंग उघडले. सुपरमॅक्स म्हणजे कैद्याला दिवसातले तेवीस तास एकट्याला कोठडीत ठेवण्याच्या हिशेबानं बांधलेला तुरुंग. खाणी गेल्या, तर निदान पहारेकऱ्यांच्या नोकऱ्या तरी मिळतील, असं स्थानिकांना सांगितलं गेलं. आत येणारे कैदी मात्र दूरच्या शहरांतले होते, त्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण मोठं. किनाऱ्यावरच्या नॉरफोकहून इथवर यायला गाडीनं सात-आठ तास लागतात. कनेटिकट आणि न्यू मेक्सिको या राज्यांनी तर आपले कैदी पैसे मोजून वॉलन्स रिजमध्ये ठेवायला पाठवले. म्हणजे एका बाजूला नोकरी गेलेले गोरे डोंगरी लोक आणि दुसऱ्या बाजूला घरापासून तोडलेले शहरी काळे लोक. मध्ये कुलूप. दोघांनी एकमेकांना याआधी पाहिलेलं नव्हतं.

त्या सुमाराला निक झुबर्ला आणि अमीलिया कर्बी हे दोघे तरुण डब्ल्यूएमएमटीवर हिप-हॉप संगीताचा कार्यक्रम करत. बँजोच्या मुलखात हिप-हॉप कोण ऐकणार? पण पत्रं येऊ लागली, आणि ती आली डोंगरावरच्या तुरुंगांतून. कुणी गाण्याची फर्माईश करत होतं, कुणी आत काय चाललं आहे ते लिहीत होतं. आपले श्रोते कोण आहेत याचा पत्ता केंद्राला असा लागला. पुढे कुटुंबीयांचे निरोप लावायला सुरुवात झाली आणि त्यातून ‘कॉल्स फ्रॉम होम’, म्हणजे ‘घरून आलेले फोन’, हा कार्यक्रम उभा राहिला. सोमवारी रात्री तो लागतो. कुटुंबांनी फुकटच्या नंबरवर फोन करायचा, निरोप ध्वनिमुद्रित करायचा आणि केंद्रानं तो जसाच्या तसा हवेत सोडायचा.

कार्यक्रमात काय असतं? काहीच विशेष नसतं, आणि म्हणूनच तो ऐकवत नाही इतका जवळचा वाटतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, प्रार्थना, घरात कोण आजारी आहे, पोर केवढं झालं, वकिलाचा फोन आला का, येत्या महिन्यात भेटायला जमेल की नाही. आपल्याकडे पूर्वी आकाशवाणीवर जवानांसाठी लागणारे फर्माइशीचे कार्यक्रम ज्यांनी ऐकले असतील त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की सीमेवरच्या जवानाचं नाव रेडिओवर आलं की घराची छाती फुगते. इथे मुलगा तुरुंगात आहे हे आई सगळ्या मुलखाला स्वतःच्या तोंडानं सांगत असते.

या रचनेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती चटकन लक्षात येत नाही. या कार्यक्रमाला तुरुंगाची परवानगी लागत नाही. फोन केंद्रात येतो, मुद्रण केंद्रात होतं, प्रक्षेपण केंद्रातून होतं. आत कोठडीत कैद्याजवळ तुरुंगाच्या दुकानातून विकत घेतलेला छोटा रेडिओ असतो. त्याचं कवच पारदर्शक प्लास्टिकचं, कारण आत काही लपवता येऊ नये. त्या रेडिओनं ८८.७ पकडलं की झालं. सुपरमॅक्सच्या भिंतीतून पत्र जाताना कुणीतरी ते फोडून वाचतो, फोनवरचं बोलणं कुणीतरी ऐकतो. लहर मात्र कुणाला न विचारता आत जाते.

दुसरी गोष्ट, हा संवाद एकतर्फी आहे. आई बोलते, मुलगा ऐकतो. त्यानं ऐकलं की नाही हे तिला पुढच्या पत्रापर्यंत कळत नाही. ही उणीव आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. आणि तिसरी गोष्ट, तो सार्वजनिक आहे. खासगी फोन एकाच कानात जातो. रेडिओवरचा निरोप शेजारच्या कोठडीतला ज्याला कुणाचाच फोन येत नाही असा माणूसही ऐकतो. आणि व्हाइट्सबर्गच्या स्वयंपाकघरात भांडी घासता घासता तुरुंगातल्या पहारेकऱ्याची बायकोही ऐकते. नवरा ज्याला नंबरानं ओळखतो त्याच्या आईचा आवाज तिच्या ओट्यापर्यंत येतो. झुबर्ला आणि कर्बी यांनी २००६ साली ‘अप द रिज’ नावाचा माहितीपट केला, तो याच दोन गावांच्या गाठीबद्दल आहे.

आता विचारायला हवं, की फोन असताना लोक रेडिओचा आधार का घेत होते? उत्तर पैशाचं आहे. अमेरिकी तुरुंगांत फोनचा ठेका एकाच कंपनीला मिळतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो मिळण्यासाठी कंपनी तुरुंगाला किंवा राज्याला प्रत्येक फोनमागे दलाली देते. साधारणपणे ठेका स्वस्त देणाऱ्याला मिळावा. इथे जास्त दलाली देणाऱ्याला मिळे, आणि ती दलाली कुटुंबाच्या बिलात जमा होई. दुसऱ्या राज्यातल्या घरी पंधरा मिनिटं बोलायला १७ डॉलरपर्यंत लागत. ज्या घरातला कमावता माणूस आत आहे त्या घरानं हे भरायचं.

वॉशिंग्टनमधल्या मार्था राइट या आजींचा नातू तुरुंगात होता आणि त्याला दूरदूरच्या तुरुंगांत हलवलं जात होतं. आजींना दिसत नव्हतं, म्हणून पत्रांचा उपयोग नाही. वयामुळे प्रवास नाही. उरला फोन. औषधं की फोन, असा हिशेब त्यांना करावा लागे. २००० साली त्या आणि इतर कुटुंबं न्यायालयात गेली. न्यायालयानं प्रकरण दूरसंचार आयोगाकडे पाठवलं, २००३ मध्ये आयोगापुढे अर्ज झाला, आणि त्या अर्जावर आयोगानं दहा वर्षं काही केलं नाही. त्या दहा वर्षांत कुटुंबांची, तुरुंगविषयक नियतकालिकांची आणि लहान माध्यमसंस्थांची मोहीम उभी राहिली. व्हाइट्सबर्ग सोडल्यावर झुबर्ला यांनी काढलेली संस्थाही तीत होती. २०१३ साली आयोगानं आंतरराज्य फोनला मिनिटाला २१ सेंट आणि ज्या फोनचे पैसे उचलणारा भरतो त्याला २५ सेंट अशी कमाल मर्यादा घातली. मार्था राइट २०१५ मध्ये वारल्या. राज्यांतर्गत फोनवरची मर्यादा २०१७ साली न्यायालयात टिकली नाही, म्हणून संसदेला कायदा करावा लागला. तो जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्याच नावानं झाला. २०२४ मध्ये दर आणखी खाली आणणारे नियम आले, आणि २०२५ मध्ये आयोगानं त्यांची अंमलबजावणी पुढे ढकलली. लढा चालूच आहे.

रेडिओनं हे सगळं घडवलं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण ज्या बायका आपापल्या घरात एकट्या बिल भरत होत्या, त्यांना दर सोमवारी दुसऱ्या बायकांचे आवाज ऐकू येत होते. आपल्यासारख्या इतक्या जणी आहेत, हे कळणं ही कुठल्याही मोहिमेची पहिली पायरी असते. आपल्याकडच्या बचत गटांत काम केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

व्हाइट्सबर्गमध्ये आवाज आत जातो. बाहेर येण्याची वाट जास्त अवघड आहे.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नचं ३सीआर हे १९७६ पासूनचं सामुदायिक केंद्र २००२ पासून ‘बियाँड द बार्स’ नावाचा उपक्रम करतं. जुलै महिन्यात तिथल्या आदिवासींचा नेडॉक सप्ताह असतो. त्या आठवड्यात केंद्राचे लोक यंत्रं घेऊन व्हिक्टोरिया राज्यातल्या तुरुंगांत जातात आणि तिथून थेट प्रक्षेपण करतात. आतले आदिवासी स्त्री-पुरुष गातात, कविता म्हणतात, कुळाचं नाव सांगतात, घरच्यांना हाका मारतात. ‘थेट’ या शब्दाचं महत्त्व रेडिओत काम केलेल्यांना कळेल. थेट प्रक्षेपणात कात्री चालत नाही. या उपक्रमामागे एक इतिहासही आहे. पोलीस कोठडीत आणि तुरुंगात होणाऱ्या आदिवासींच्या मृत्यूंची चौकशी करायला तिथे १९८७ मध्ये शाही आयोग नेमला गेला. १९९१ मध्ये त्यानं ३३९ शिफारशी केल्या. आयोगाचे खंड कपाटात राहू शकतात. जिवंत माणसांचे आवाज वर्षातून एकदा तरी हवेत आले, की आत कोण आहे हे शहराला विसरता येत नाही.

अमेरिकेत याच वाटेवर मोठा झगडा झाला. फिलाडेल्फियातला रेडिओ पत्रकार मुमिया अबू-जमाल पोलिसाच्या खुनाच्या आरोपाखाली दोषी ठरला आणि त्याला फाशीची शिक्षा झाली (ती पुढे जन्मठेपेत बदलली). १९९४ साली नॅशनल पब्लिक रेडिओनं तुरुंगातल्या जीवनावरची त्याची भाष्यं लावायचं ठरवलं आणि पोलीस संघटना व राजकारण्यांच्या विरोधानंतर ऐन वेळी रद्द केलं. २०१४ मध्ये त्याचं ध्वनिमुद्रित भाषण एका महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात वाजवलं गेलं, तेव्हा पेन्सिल्व्हेनियानं काही आठवड्यांत कायदाच केला, की गुन्हेगाराच्या बोलण्यानं पीडितांना मनस्ताप होत असेल तर त्यांना न्यायालयात जाऊन ते थांबवता यावं. २०१५ मध्ये संघीय न्यायालयानं तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

या कायद्यामागचं दुःख मला खोटं वाटत नाही. ज्या घरातला माणूस मारला गेला त्या घरानं रेडिओ लावावा आणि मारणाऱ्याचा आवाज यावा, हे सोसणं सोपं नाही. तुरुंगातल्या आवाजाबद्दल लिहिणारे बरेच लोक या प्रश्नाला वळसा घालतात. माझं मत असं, की चांगल्या केंद्रानं इथे संपादन करावं: खटल्यातल्या तपशिलांवर बोलू देऊ नये, पीडितांची नावं घेऊ देऊ नयेत, आणि पीडितांच्या कुटुंबांसाठीही तोच माइक उघडा ठेवावा. पण हे संपादन केंद्राचं असावं, तुरुंगाचं नको. कारण तुरुंगाला ज्या गोष्टी ऐकू जाऊ नयेत असं वाटतं, त्यांत पीडितांचं दुःख क्वचितच असतं. गळकं छप्पर, न आलेला डॉक्टर आणि वॉर्डरचा दंडुका या गोष्टी जास्त असतात. सॅन क्वेंटिन तुरुंगात कैद्यांनी २०१७ पासून केलेला ‘इअर हसल’ हा पॉडकास्ट जगभर ऐकला गेला. फार सुंदर काम आहे. पण त्याचा प्रत्येक भाग बाहेर पडण्याआधी तुरुंगाचा अधिकारी ऐकून मान्यता देत असे, आणि हे त्यात उघडपणे सांगितलंही जाई. ही निदान प्रामाणिक तडजोड आहे.

आपल्याकडे परिस्थिती काय? आपल्या तुरुंगांतला रेडिओ नवा नाही. येरवड्यातल्या अंतर्गत रेडिओवर संजय दत्त निवेदन करत असे, तेव्हा तो गाजला. ३१ जुलै २०१९ रोजी आग्र्याच्या जिल्हा कारागृहात वर्तिका नंदा यांच्या तिनका तिनका फाउंडेशनच्या पुढाकारानं रेडिओ सुरू झाला. २०२१ पासून हरयाणातल्या तुरुंगांत सुरू झाला. मार्च २०२०नंतर कोरोनामुळे मुलाखती बंद पडल्या, तेव्हा आग्र्याच्या रेडिओचा आतल्यांना आधार झाला. कैदी निवेदक होतात, गाण्यांच्या चिठ्ठ्या जमा होतात, लिहिणारे-गाणारे सापडतात. ज्या माणसाला कित्येक वर्षांत कुणी नावानं हाक मारलेली नाही त्याच्या हाती माइक देणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. या कामाला नावं ठेवायचा माझा हेतू नाही.

पण हा रेडिओ म्हणजे खरं तर रेडिओ नाही. तो आतल्या आत तारांनी जोडलेला ध्वनिक्षेपक आहे. त्याला परवाना लागत नाही, कारण तो हवेत काहीच सोडत नाही. त्याचा आवाज भिंतीशी संपतो. त्यावर काय लागावं हे तुरुंग प्रशासन ठरवतं. आणि रेडिओचं बटण ऐकणाऱ्याच्या हातात असतं, तसं बराकीतल्या भोंग्याला बटण नसतं; नको असला तरी ऐकावा लागतो. व्हाइट्सबर्गमध्ये कैद्याला आईचा आवाज येतो, मेलबर्नमध्ये आईला कैद्याचा आवाज येतो. इथे कैद्याला कैद्याचा आवाज येतो, तोही अधीक्षकाच्या कार्यालयातून गाळून. करमणूक म्हणून, समुपदेशन म्हणून त्याची किंमत आहे. त्याला न्यायाच्या भाषेत ‘आवाज मिळाला’ म्हणणं मात्र घाईचं आहे.

वास्तविक तुरुंगातून बाहेर येणारा शब्द ही मराठीची जुनी कमाई आहे. मंडालेतलं ‘गीतारहस्य’ आणि नाशिकच्या तुरुंगातली ‘श्यामची आई’ ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. मला या संदर्भात त्याहून जवळची वाटतात ती विनोबांची ‘गीता प्रवचने’. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा सोबतच्या कैद्यांपुढे बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. आज छापील पुस्तक म्हणून आपण ज्याला ओळखतो ते मुळात तुरुंगात उमटलेलं तोंडी बोलणं आहे. ध्वनिमुद्रक नव्हता, साने गुरुजींचा हात होता. पण ते बाहेर आलं म्हणून ते आपलं झालं.

स्वातंत्र्यानंतरचं उदाहरण तितकं प्रसिद्ध नाही. कम्युनिस्ट नेते आणि लेखक प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ नावाचं मराठी पुस्तक लिहिलं. विषय निव्वळ विज्ञानाचा. हस्तलिखित प्रकाशनासाठी पत्नीकडे पाठवू द्यावं, असा अर्ज त्यांनी केला. राज्य सरकारनं नकार दिला. उच्च न्यायालयानं संझगिरींच्या बाजूनं निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर १९६५ मध्ये तिथेही हरलं. सरकारचं म्हणणं होतं, की स्थानबद्धाला नियमांनी जेवढं दिलं आहे तेवढेच त्याचे हक्क. पुस्तक छापणं त्यात नाही. न्यायालयानं तर्क उलटा फिरवला: नियमांत जे बंधन लिहिलेलं नाही ते लादता येत नाही. अणूच्या पोटात काय असतं हे सांगणाऱ्या एका मराठी पुस्तकावरून हा निकाल लागला, आणि तो आजही तुरुंगातल्या अभिव्यक्तीबद्दलच्या युक्तिवादांत पहिल्या रांगेत असतो. आपण मराठी वाचकांनी त्याची आठवण फारशी ठेवलेली दिसत नाही.

पुढे तिहारमधल्या सुनील बत्रा या कैद्यानं दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल न्यायाधीशाला पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयानं ते पत्रच याचिका मानलं आणि डिसेंबर १९७९ मध्ये निकाल देताना तुरुंगांत तक्रारपेट्या ठेवायला सांगितलं. त्याच वर्षी बिहारमधल्या कच्च्या कैद्यांची हकिगत के. एफ. रुस्तमजी या कामठीत जन्मलेल्या पोलीस अधिकाऱ्यानं वर्तमानपत्रात लिहिली आणि त्यावरून हुसैनारा खातून खटला उभा राहिला. अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तुरुंग नियमावलींतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली, ती पत्रकार सुकन्या शांता यांच्या लेखनातून आणि याचिकेतून. स्वयंपाक कुणी करायचा आणि संडास कुणी साफ करायचे हे आत जातीवरून ठरत होतं, हे आतल्या प्रत्येकाला रोज दिसत होतं. ते भिंतीबाहेर ऐकू आलं तेव्हाच त्याचं काही होऊ शकलं.

सामुदायिक रेडिओची आपल्याकडची वाटही एका मराठी न्यायाधीशाच्या निकालातून निघते. १९९३च्या हिरो कप क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून दूरदर्शन आणि बंगाल क्रिकेट संघटना यांच्यात वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांनी निकालात म्हटलं, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना केंद्रं काढायची मुभा मिळाली. आज पाचशेहून अधिक केंद्रं आहेत. ताकद १०० वॅट, टप्पा साधारण दहा-पंधरा किलोमीटर. स्वतःच्या बातम्या देण्यावर बंदी, फक्त आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. ही बंदी मला अनाकलनीय वाटते, पण तुरुंगाच्या संदर्भात ती आड येण्याचं कारण नाही. आईचा निरोप ही बातमी नव्हे. कायद्याची माहिती ही बातमी नव्हे.

आणि माहितीची गरज किती आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यांतली ४,३४,३०२ कच्चे कैदी होती. चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९व्या कलमानं, काही गंभीर गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले वगळता, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचं आहे. ही तारीख कशी मोजायची, अर्ज कोण करणार, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील कुठे भेटेल, हे सोप्या मराठीत आठवड्यातून अर्धा तास सांगायला कुणाचीही हरकत असू नये. कैद्याला नाही तरी त्याच्या बायकोला ते ऐकू जाईल. जिल्हा कारागृहं बहुधा शहराच्या मध्यात असतात, म्हणजे टप्प्यातच. पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी केंद्र आणि येरवडा यांतलं हवाई अंतर दहा किलोमीटरही नसेल.

मी काही काळ पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सामुदायिक केंद्रात कार्यक्रम करायला शिकवत होते. तिथे भाजी विकायला येणाऱ्या एका मावशींनी एकदा विचारलं, ‘ताई, तुमचा रेडिओ जेलात लागतो का?’ त्यांचा मुलगा जिल्हा कारागृहात कच्चा कैदी होता. मी नकाशा काढला, अंतर मोजलं. सहा किलोमीटर. लागायला हवा, म्हणाले. त्यांनी विचारलं, मग मी इथे बोलले तर त्याला ऐकू जाईल? मी म्हटलं, त्याच्या बराकीत रेडिओ असेल तर जाईल. पुढच्या मुलाखतीत विचारून येते, म्हणाल्या. पंधरा दिवसांनी आल्या तेव्हा पाटी उतरवायच्या आधीच त्यांनी सांगितलं: बराकीत टीव्ही आहे, रेडिओ नाही, आणि घरून नेलेला आत घेत नाहीत.